शिट्टीपुरतं हाड

नवी कात्री ज्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात मिळते, ते पाकीट उघडायला घरात आधी एक कात्री असावी लागते. ही सोय ज्या महाभागाला सुचली त्याला एकदा हेडक्लार्कच्या समोर आणून बसवायला हवं, मग जे व्हायचं ते होऊ दे. घरातली जुनी कात्री सापडेना म्हणून तर हेडक्लार्कनी नवी आणली होती. पाकिटाला त्यांनी आधी नखं लावून पाहिली, मग किल्ली लावली, मग दोन-चार शब्द ऐकवले, आणि शेवटी दात लावला. पाकीट जसं होतं तसंच राहिलं. वरचा, समोरचा, जरासा उजवीकडचा दात मात्र मुळापासून मोडला.

हेडक्लार्क म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातले हेडक्लार्क. पण तिथे एवढी वर्षं काढल्यावर इमारतीतली माणसंही त्यांना हेडक्लार्कच म्हणू लागली होती, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना मनातून आवडायचं.

दात गेल्याचं त्यांना चेहऱ्यासाठी फारसं वाईट वाटलं नाही. तो चेहरा मुळातच फायलीवर वाकवायला बनवलेला होता. चावायचंही अडत नव्हतं, बाजूची मंडळी ते काम ओढत होती. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. हेडक्लार्कची शिट्टी गेली होती.

लग्न झाल्यापासून संध्याकाळी कार्यालयातून आले की ते इमारतीखाली, टपालाच्या पेट्यांपाशी थांबायचे आणि एक शिट्टी घालायचे. दोन सूर. पहिला वर चढणारा, दुसरा खाली येता येता शेवटी किंचित वळणारा. तिसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीत बायकोचं डोकं दिसायचं, लगेच आत जायचं, आणि हेडक्लार्क धापा टाकत वर पोचेपर्यंत चहाला उकळी आलेली असायची. यावर दोघांत आजवर एका शब्दानं बोलणं झालेलं नव्हतं. आपल्याकडची नवरा-बायको अशा गोष्टींवर बोलत नाहीत. बोललं की लाज वाटायला लागते, आणि लाज वाटायला लागली की ती गोष्ट बंद करावी लागते.

तर ती बंद झाली. खिंडारातून नुसती हवा यायची. मग त्यांनी काढायचा-घालायचा दात बनवून घेतला, तर शिट्टीच्या पहिल्याच सुराला तो दात जिभेवर येऊन बसला. शेवटी हेडक्लार्क बेल वाजवू लागले. त्यांच्या दाराची बेल चिमणीसारखी चिवचिवायची. आयुष्यभर शिट्टी घालून घरी आलेल्या माणसाला असं चिवचिवून आत शिरावं लागावं, याचा अपमान ज्याचा त्यालाच कळतो. त्यात आतून बायको विचारायची, "कोण आहे?"

"मीच आहे," हेडक्लार्क म्हणायचे, आणि आपण मीटर बघायला आलेलो आहोत असं त्यांना वाटायचं.

"हल्ली तुम्ही कधी येता तेच कळत नाही," बायको म्हणायची. "चहा टाकावा तर गार होतो, न टाकावा तर तुम्ही दारात." एवढंच. शिट्टीचं नावही नाही. हिला फक्त चहाचीच पडली आहे, अशी हेडक्लार्कनी मनाशी नोंद केली.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एक दिवस त्यांनी मनाचा हिय्या केला आणि दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. या डॉक्टरबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि रुग्णाच्या तोंडात दोन्ही हात असतानाच त्याला महत्त्वाचे प्रश्न विचारायच्या. हेडक्लार्कनी पक्का, स्क्रूवर बसणारा दात मागितला. बाईंनी फोटो काढला, पडद्यावर मोठा केला आणि मान हलवली.

"स्क्रू कशात बसवू? हाडच उरलं नाही."

हेडक्लार्कना हे लागलं. आजवर त्यांच्यावर आळशीपणाचा आरोप झाला होता, खडूसपणाचा तर रोज व्हायचा, पण हाड नसल्याचा कुणी केला नव्हता.

"अहो, दात गेला की त्याच्याखालच्या हाडाला काम उरत नाही," बाईंनी समजावलं. "काम नसलं की ते झिजत जातं. तुम्ही फार दिवस जागा रिकामी ठेवलीत."

हे मात्र हेडक्लार्कना चटकन पटलं. कार्यालयातही पद फार दिवस रिकामं राहिलं की वरून हुकूम येतो आणि ते पदच रद्द होतं. स्वतःच्या जबड्यात असा हुकूम येऊन गेला आणि आपल्याला पत्ताही नाही, याचं त्यांना वैषम्य वाटलं.

"मग आता?"

"आता आधी हाड भरायचं. तुमच्याच जबड्यात मागे, अक्कलदाढेच्या पलीकडे, थोडं खरवडून घेऊ. कमी पडेल ते बाटलीतलं घालू, बारीक दाणे येतात. ते चार-पाच महिन्यांत धरलं की मग स्क्रू, मग पुन्हा थांबायचं, मग दात. पण मी म्हणते एवढा खटाटोप कशाला? बाजूच्या दोन दातांना धरून पूल करून देते. पंधरवड्यात मोकळे."

"पुलानं..." हेडक्लार्कनी दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली. मग आवाज इतका खाली आणला की बाईंना खुर्ची पुढे ओढावी लागली. "पुलानं शिट्टी वाजेल?"

बाई हसल्या नाहीत. हेडक्लार्क त्यांचे त्याबद्दल जन्मभर ऋणी राहतील. उलट त्यांनी पडद्यावरच्या फोटोकडे पुन्हा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. पण तुमच्या पहिल्या दाताच्या जागी, त्याच उंचीचा, त्याच कलाचा दात उभा केला तर संधी जास्त. शिट्टीसाठी करायचंय ना? मग हाड भरू."

घरी हेडक्लार्कनी फक्त 'पूलही होतो, पण मी हाड भरून घेणार' एवढंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही. अशी गोष्ट इमारतीत पोचायला जिना लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे माहितगार त्याच संध्याकाळी हजर झाले. माहितगार हे नाव त्यांना हेडक्लार्कनीच दिलेलं, कारण जगात जे काही घडतं ते या गृहस्थांच्या साडूला आधी घडून गेलेलं असायचं.

"साडूनं केलंय हे," ते टेकता टेकताच म्हणाले. "हाड भरलं. उत्तम धरलं. पण मग थांबेना! वाढतच सुटलं. शेवटी वरून तासून घ्यावं लागलं."

"असं कुठे असतं का?" हेडक्लार्कची मुलगी म्हणाली. ही बँकेत नोकरीला होती आणि तिला घरातली एकही गोष्ट गंभीरपणे घेता येत नसे.

"बाळ, तू साडूला पाहिलेलं नाहीस," माहितगार म्हणाले. "आणि अक्कलदाढेपाशी हात लावू देऊ नका हेडक्लार्क. तिथून मेंदू किती लांब आहे? वीतभरसुद्धा नाही."

तळमजल्यावरच्या मावशींचं मत आणखी सुटसुटीत होतं. "माणसानं हसायचं कमी करावं," त्या म्हणाल्या. "दात दिसायचा प्रश्नच मिटला. तुम्ही तर तसेही हसत नाही."

बायको सगळ्यांना चहा देत होती. सगळे गेल्यावर तिनं फक्त विचारलं, "पुलानं भागत असताना हे हाडाचं खूळ कशासाठी?"

"टिकाऊ असतं," हेडक्लार्क म्हणाले.

"बरं," बायको म्हणाली. तिचं 'बरं' अनेक अर्थांचं असायचं आणि त्यातला कुठला लागू आहे हे हेडक्लार्कना संसारात कधी ओळखता आलेलं नाही.

आता रजेचं ऐका. चार दिवसांची रजा मागायची, यात काय अवघड आहे? हेडक्लार्कनी अर्ज लिहिला, कारण म्हणून 'हाड भरणे' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि रजेच्या टेबलावर ठेवला. त्या टेबलावरच्या बाईंना हेडक्लार्कनी स्वतः तयार केलं होतं. नियम म्हणजे नियम, माणूस बघायचा नाही, हे त्यांनीच त्यांना शिकवलं होतं. बाईंनी अर्ज वाचला, माणूस बघितला नाही आणि अर्ज परत दिला.

"साहेब, हाडाचं कारण असेल तर हाडांच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. परिपत्रक आहे."

"कुणाचं परिपत्रक?"

"तुमचंच."

होतं खरं. मागे सगळ्या कार्यालयाची पाठ एकदम दुखायला लागली होती, तेव्हा हेडक्लार्कनी चिडून काढलं होतं. हाडासंबंधीच्या कोणत्याही कारणास्तव, असे शब्द होते. 'कोणत्याही' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता आणि त्या वेळी त्यांना तो फार आवडला होता.

"मग दात लिहितो."

"दातासाठी अर्धा दिवस मिळतो, साहेब. तेही तुमचंच परिपत्रक आहे."

स्वतःसाठी नियम वाकवायचा हे हेडक्लार्कच्या रक्तात नव्हतं, आणि असतं तरी बाईंनी वाकवू दिला नसता. तेव्हा ते मुकाट्यानं सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथल्या बाकावर एकाचा पाय प्लास्टरमध्ये होता, दुसऱ्याचा हात गळ्यात, तिसऱ्याची मान पट्ट्यात. या सगळ्यांच्या मध्ये धडधाकट हेडक्लार्क इतक्या अपराधी चेहऱ्यानं बसले की शेजारच्यानं कळवळून विचारलं, "आतून मोडलंय का?"

हाडांचे डॉक्टर आडदांड होते. "कुठलं हाड?" त्यांनी विचारलं. हेडक्लार्कनी तोंड उघडलं. डॉक्टर बराच वेळ आत बघत राहिले. त्यांना जे बघायची सवय होती त्यातलं तिथे काहीच नव्हतं.

"इथे मी प्लास्टर घालू शकत नाही," ते अखेर म्हणाले.

"मला फक्त दाखला हवा आहे."

डॉक्टरांनी त्यांना उठवलं, बसवलं, वाकवलं, गुडघ्यावर हातोडी मारली आणि दाखला दिला. रुग्णाचे सर्व सांधे हलतात, रुग्ण चालू शकतो, तरी त्याला चार दिवस विश्रांती द्यावी. रजेच्या बाईंनी तो वाचून समाधानानं मान हलवली आणि रजा मंजूर केली. हाडांचं काही झालेलं नाही असा हाडांच्या डॉक्टरांचा दाखला जोडून हाडासाठी रजा मिळवणारा माणूस त्या कार्यालयात आधी झाला नव्हता.

प्रत्यक्ष काम म्हणाल तर हेडक्लार्कना वाटलं होतं त्याहून फार सोपं गेलं. आधी दंडातून रक्त काढलं. ते एका यंत्रात गरगर फिरवलं, त्याची पिवळसर साय निघाली, आणि ती साय हाडावर पांघरूण म्हणून घालायची, असं बाईंनी सांगितलं. हिरडी बधिर झाली. मागे काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, पुढे काहीतरी भरल्यासारखं वाटलं, मग टाके. सगळा वेळ बाई गुणगुणत होत्या. आपलंच हाड मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर बदलून येतंय, या विचारानं हेडक्लार्कना थोडं बरंच वाटत होतं. बदली अंतर्गत होती, बाहेरचा माणूस भरला नव्हता. बाटलीतल्या दाण्यांना त्यांनी हंगामी कर्मचारी समजून माफ केलं.

मग बाईंनी बायकोला आत बोलावलं आणि पथ्यं सांगितली. "वरच्या जबड्याचं काम आहे. ओठ उचलून बघायचं नाही. नळीनं प्यायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड सताड उघडं ठेवून शिंकायचं. फुंकर मारायची नाही." आणि मग, हेडक्लार्क डोळ्यांनी कळकळून नको नको म्हणत असताना, "आणि शिट्टी? शिट्टीचं नावही काढायचं नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच शेवटी करायचं. आधी वाजवलीत तर टाके तुटतील, हाड निसटेल आणि पुन्हा पहिल्यापासून."

हेडक्लार्कचा अर्धा चेहरा बधिर होता, तरी उरलेला अर्धा लाल झाला. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरबाईंकडे पाहिलं. मग पिशवीचा बंद नीट केला.

"आणि गरम चहा?" तिनं विचारलं.

"दोन दिवस कोमट."

"बरं," बायको म्हणाली.

रिक्षात ती बाहेर बघत होती आणि मधूनच पदर तोंडावर धरत होती. ही हसते आहे, असा हेडक्लार्कना दाट संशय आला. डोकं उशीला टेकेपर्यंत ते त्यामुळे दुखावलेले होते.

रजेचे दिवस ते गालावर बर्फाची पिशवी धरून पडून राहिले. माहितगार बघायला आले, साडूच्या जबड्याची पुढची हकीकत घेऊन, आणि येताना त्यांनी अंगाला इतकं अत्तर लावलं होतं की हेडक्लार्कना शिंक आली. हुकुमाप्रमाणे त्यांनी तोंड सताड उघडलं. पुढे जो आवाज झाला त्यानं माहितगार खुर्चीसकट मागे सरकले, आणि खालच्या मावशी कपाट पडलं का ते बघायला धावत वर आल्या. हाड मात्र जागचं हललं नाही. डॉक्टरबाईंनी नंतर त्या शिंकेचं मनापासून कौतुक केलं.

खरी पंचाईत पुढेच होती. संध्याकाळी इमारतीखाली आलं की ओठ आपोआप गोल व्हायचे. एवढ्या वर्षांची सवय, ओठांना कुठे पथ्य कळतं? हेडक्लार्क ऐन वेळी तोंडावर हात दाबायचे. मावशी आपल्या खिडकीतून हे रोज बघत आणि यांना मळमळतंय म्हणून रोज लिंबू घेऊन बाहेर येत.

आणि त्याआधी, रजेतच, घरातला कुकर बिघडला होता.

म्हणजे आवाजावरून तरी तसंच वाटलं. दुपारी डोळा लागला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा. आधी 'फुऊ' मग 'फिस्स'. मग जरा वेळानं पुन्हा 'फुऊ'.

"अगं, कुकर!" हेडक्लार्क पडल्या पडल्या ओरडायचे, ओरडायची मनाई नव्हती म्हणून.

"हो हो, बघते!" आतून आवाज यायचा. "रिंग सैल झालीये!"

पुन्हा कामावर जाऊ लागले तरी सुट्टीच्या दिवशी तेच. हेडक्लार्कनी रिंग बदलली. आवाज तोच. मावशी जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "तुमच्या कुकरला दम लागतो का हो? दुपारभर नुसता धापा टाकतोय." हेडक्लार्कनी वरची शिट्टी बदलली. दोन दिवस शांतता होती, मग पुन्हा सुरू. शेवटी त्यांनी कुकर दुरुस्त करणाऱ्याला घरी आणलं. त्यानं कुकर गॅसवर चढवला, मांडी घालून समोर बसला, आणि कुकरनं खणखणीत तीन शिट्ट्या दिल्या.

"याला काहीएक झालेलं नाही," तो म्हणाला. "घरात दुसरं काही वाजतंय का बघा."

मुलगी तोंडात ओढणी कोंबून दुसऱ्या खोलीत पळाली. हल्लीच्या मुलांना स्वयंपाकघरातल्या उपकरणांचं गांभीर्य नाही, असं हेडक्लार्कनी दुरुस्तीवाल्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली. बायको ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

हेडक्लार्कनी नवा कुकर आणला. तोही तसाच निघाला. एका दुपारी ते पाणी प्यायला म्हणून उठले तर आवाज ऐन भरात होता, आता 'फुऊ' जरा लांबला होता आणि 'फिस्स' जवळजवळ नाहीसा झाला होता. आत जाऊन बघतात तो बायको खिडकीशी पाठमोरी उभी, आणि कुकर धुऊन पालथा घातलेला.

"गॅस बंद असताना वाजतो!" त्यांनी त्या संध्याकाळी माहितगारांना सांगितलं.

"वाजणारच," माहितगार म्हणाले. "धातूत वाफ मुरते. साडूकडे तर माळ्यावर ठेवलेला वाजायचा."

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या हुशार माणसाच्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? तर त्याला कारण आहे. हेडक्लार्कचं सगळं चित्त वरच्या जबड्यात होतं. रात्रंदिवस एकच घोर, हाड धरलं असेल का? आणि नाही धरलं तर? पुन्हा खरवडायला आता मागे अक्कलदाढेपाशी किती उरलं असेल? माणसाच्या मनात असं काही चाललं असताना त्याला कुकर हा कुकरच वाटतो.

हाड धरलं. डॉक्टरबाईंनी नवा फोटो पडद्यावर लावला आणि खुर्चीतून उठून टाळी वाजवली. "बघा, कशी भिंत उभी राहिलीये!" हेडक्लार्कना पडद्यावर नुसते ढग दिसले, पण त्यांचे डोळे भरून आले. मग स्क्रू बसला, तो मुरला, मापं झाली, आणि एका संध्याकाळी अखेर दात बसला. आरशात बघितलं तर जुनाच दात परत आल्यासारखा वाटत होता.

"वाजवून बघा," बाई म्हणाल्या. त्यांनी मदतनीस बाईंनाही ऐकायला बोलावलं होतं.

"इथे नाही," हेडक्लार्क म्हणाले. बाईंना लगेच कळलं. त्यांनी दार उघडून धरलं.

रस्ताभर त्यांनी ओठ मिटून ठेवले होते. पहिली शिट्टी वाटेत सांडायची नव्हती. इमारतीपाशी आले तर दात बघायला सगळी मंडळी हजर. माहितगार गॅलरीत, मावशी खिडकीत, पहिल्या मजल्यावरचं अख्खं कुटुंब जिन्यात. हेडक्लार्कनी कुणाकडेही बघितलं नाही. टपालाच्या पेट्यांपाशी, ठरलेल्या जागी जाऊन उभे राहिले. छाती भरून घेतली, ओठांवर जीभ फिरवली, ओठ गोल केले.

फुस्स.

पुन्हा केलं. फुस्स. जीभ पुढे घेऊन पाहिली, मागे घेऊन पाहिली, मान तिरकी करून पाहिली. हवा बाहेर येत होती, सूर येत नव्हता. दात जागेवर होता, हाड जागेवर होतं, पण मधल्या काळात ओठच सगळं विसरून बसले होते.

"काय हो हेडक्लार्क, चाकातली हवा गेली का?" माहितगारांनी वरून विचारलं. जिन्यातलं एक पोर खिदळलं.

हेडक्लार्कनी आणखी एकदा प्रयत्न केला. मग ते थांबले. इतकी खरवड, इतकी सुई, इतकी पथ्यं, आणि हातात काय तर पुन्हा ती चिवचिवणारी बेल. त्यांना एकदम फार थकल्यासारखं झालं. मान खाली घालून ते जिन्याकडे वळले.

आणि वरून शिट्टी आली.

दोन सूर. पहिला वर चढणारा, जरा अडखळत, दम लागल्यासारखा. दुसरा खाली येता येता शेवटी किंचित वळणारा. ते वळणसुद्धा बरोबर होतं.

"वहिनी!" मावशी खिडकीतून ओरडल्या. "तुमचा कुकर!"

हेडक्लार्कनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीत बायको होती. गाल फुगलेले, ओठ गोल केलेले, चेहरा लालबुंद. सगळी इमारत माना वर करून बघत होती, आणि जन्मात चारचौघांत मोठ्यानं हसली नव्हती ती बाई पुन्हा छाती भरून घेत होती. तिनं आणखी एकदा वाजवली. या खेपेला अजिबात न अडखळता. मग खिडकीच्या कठड्यावर हात टेकून म्हणाली, "या आता वर! चहा टाकलाय."

तीन जिने हेडक्लार्क कसे चढले ते त्यांना आठवत नाही. दार उघडंच होतं.

"तू?" हेडक्लार्क दारातूनच म्हणाले. "म्हणजे, तो कुकर... मी नवा आणला!"

"आणलात ते बरंच केलंत, जुना झाला होता." तिनं गाळणी कपावर धरली. "काय करू मग? तुमची शिट्टी गेली आणि संध्याकाळ कशी मुकी झाली. रोज वाटायचं, सगळी येतात, आमचेच हे येत नाहीत, बेलच येते. त्या दिवशी डॉक्टर बोलल्या तेव्हा कळलं, तुम्हालाही तसंच होत होतं. म्हटलं, यांना नाही जमलं तर आपण वाजवू. त्यात काय एवढं!"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही राहिला असतात का गप्प? मी एक वाजवली की तुम्ही लगेच उत्तर द्यायला जाणार. टाके तुटले असते." तिनं कप पुढे केला. "चांगलं भरलेलं हाड वाया गेलं असतं."

हेडक्लार्कनी कप घेतला आणि तसाच ओट्यावर ठेवला. त्यांना हसायला येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, आणि एकाच चेहऱ्यावर हे दोन्ही कसं मावायचं ते त्यांच्या फायलीवर वाकणाऱ्या चेहऱ्याला माहीत नव्हतं. ते नव्या दातासकट सगळे दात दाखवून हसले. मुलगी दारात उभी राहून टाळ्या पिटत होती.

"मला शिकव," ते म्हणाले.

"आधी चहा घ्या."

"नाही. आधी शिकव."

"बरं," बायको म्हणाली, आणि या 'बरं'चा अर्थ हेडक्लार्कना आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर कळला. तिनं त्यांना खिडकीशी उभं केलं. "जीभ खाली. अशी नाही, दाताला टेकवू नका. ओठ सैल सोडा, फायलीवर सही करताना आवळता तसे आवळायचे नाहीत. हं, आता हळू."

फुस्स.

"येईल. मलाही आधी तसंच यायचं. पुन्हा करा."

फुऊ... फिस्स.

"आला! आला की सूर! आता माझ्याबरोबर."

दोघं खिडकीत खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि दोघांनी एकदम छाती भरून घेतली. चहावर साय धरली होती आणि कुणालाच त्याची पर्वा नव्हती. एवढ्यात तळमजल्यावरची खिडकी धाडकन उघडली.

"अहो हेडक्लार्क!" मावशींचा आवाज अंगणभर घुमला. "आता दोन-दोन कुकर लावलेत की काय?"